निवेदनातलं ते वाक्य माझं होतं, तात्या

तात्या, तुमच्या दहाव्याला आमदार आले होते. साडेआठची वेळ दिली होती आणि साडेआठलाच आले. हे मुद्दाम सांगते, कारण तुम्ही असताना त्यांनी तुम्हाला दिलेली एकही वेळ पाळल्याचं मला आठवत नाही. ओढ्याकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सतरंजीवर, पुढच्या ओळीत मांडी घालून बसले. शेजारची जागा रिकामी होती. आपल्या प्राध्यापक संघटनेची मंडळी मागे बसली होती आणि सगळे एकदा त्या जागेकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मी उठले, मधली वाट ओलांडली आणि पुरुषांच्या बाजूला जाऊन आमदारांशेजारी बसले. तुमच्या पणदऱ्याच्या दोन म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. वळवू देत म्हटलं.

पद्धत तुमचीच. मी संघटनेत नवीन होते तेव्हा तुम्ही मला ती समजावून सांगितली होती, अगदी वर्गात शिकवल्यासारखी. "बंगल्यावर आमदार शंभर जणांचा आस्तो, मॅडम. मुंबईत पक्षाचा आस्तो. दहाव्याला मातर अर्धा तास रिकामा सापडतो. फोन बंद, तोंड बंद, आन मधीच उठून जाता येत न्हाय." आपल्याकडचा कुठलाही पुढारी एक वेळ लग्न चुकवेल, दहावा चुकवणार नाही, हे हेरून तुम्ही बारामती-इंदापूर दोन्ही तालुक्यांतल्या दहाव्यांची यादी ठेवायचात. पेपर मागच्या पानावरून वाचायला सुरुवात करायचात. त्यावरून मी तुम्हाला किती चिडवलं असेल! पण तुमचे नियम कडक होते. आधी घरच्यांना हात जोडायचे. प्रवचन पूर्ण ऐकायचं. निवेदन एक पानाचं, चार घड्या घातल्या की शर्टाच्या खिशात मावेल असं. आणि द्यायचं ते श्रद्धांजलीची भाषणं सुरू व्हायच्या आधी, म्हणजे बोलायला उठल्यावर ते त्यांच्या डोक्यात असतं.

तर मी ते सगळं केलं. काकूंना हात जोडले. प्रवचन ऐकलं. मग पर्समधून चार घड्यांचा कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी उघडून पाहिला, खालची सही पाहिली आणि हळू आवाजात म्हणाले, "ही तर सरांचीच सही हाय."

"होय," मी म्हणाले. "जायच्या आदल्या आठवड्यात केलेली."

त्यांनी कागद खिशात ठेवला. नंतर भाषणात म्हणाले की सरांनी आयुष्यभर रिक्त जागांचा विषय लावून धरला, येत्या अधिवेशनात तो मी मांडणार. लोकांनी माना हलवल्या. तुमच्याच दहाव्यात तुमचंच निवेदन दिलं म्हणून मी माफी मागत नाही. दिलं नसतं तर तुम्हीच भांडायला आला असता.

पिंडाला कावळा लगेच शिवला. शेजारचे म्हणाले, माणूस समाधानानं गेला, मागं काही राहिलं नाही. मला ते पटलं नाही. मी बायकांच्या बाजूला पुन्हा पुन्हा बघत होते. कॉलेजातले सगळे आले होते, अगदी कँटीन बंद करून कँटीनवाले मामासुद्धा. रूपाली आली नव्हती. आणि ती का आली नाही, याचं खरं कारण त्या सगळ्या गर्दीत फक्त मला माहीत होतं. ज्या गोष्टीसाठी तिनं तुमच्याशी दीड वर्ष बोलणं टाकलं, ती गोष्ट तुम्ही केलेलीच नव्हती. मी केली होती. मी ते तिला सांगितलं नाही, आणि तेवढ्यात तुम्ही गेलात. हे लिहायला बसले आहे ते एवढ्यासाठी. तुमचं थोरपण बाकीच्यांनी शेडमध्ये सांगितलं, ते मी पुन्हा सांगत बसत नाही.

आपलं कॉलेज बारामती आणि इंदापूरच्या मध्ये, रस्त्याकडेला. तुम्ही राज्यशास्त्राचे, मी भूगोलाची. सकाळी पणदऱ्यात म्हशींच्या धारा काढून, डेअरीला दूध घालून तुम्ही एसटीनं यायचात आणि पहिल्या तासाला विधिमंडळाचं कामकाज शिकवायचात. तारांकित प्रश्न, अतारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना. मुलं पेंगायची. तुमचा आवाज मात्र भिंतीपलीकडे माझ्या वर्गात स्पष्ट यायचा. इतक्या वर्षांत तुमचा तो धडा माझाही पाठ झाला. कौतुक याचं वाटायचं की तुम्हाला ते सगळं खरंच वाटायचं. सभागृहात प्रश्न विचारला की सरकारला उत्तर द्यावंच लागतं, यावर तुमचा जो विश्वास होता तसा माझा कशावरच नाही. मी म्हणायचे, उत्तर देतात पण करत काही नाहीत. तुम्ही म्हणायचात, "उत्तर कागदावर आलं ना? मग त्येला धरून पुढचा प्रश्न विचारायचा." हा वाद आपण एसटीत, कँटीनमध्ये, आझाद मैदानावरच्या धरण्यात, सगळीकडे घातला.

मुंबईची ती पहिली खेप आठवते? विधानभवनाच्या दारात पाससाठी आपण सकाळपासून उभे होतो. आमदारांचे पीए 'आलोच' म्हणून आत गेले ते गेलेच. तुम्ही तोवर दारावरच्या पोलिसाला विधानसभा आणि विधान परिषद यातला फरक समजावून सांगितला. तो बिचारा साताऱ्याकडचा, ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "सर, मी हितंच डुटी करतोय." मी इतकी हसले की डबा सांडला. त्या दिवशी आत काही जाता आलं नाही. परतताना तुम्ही म्हणालात, "फेरी वाया न्हाय गेली. दार कुठं हाय ते कळलं."

आणि ती सरकारी उत्तरांची भाषा तुम्ही घरीदारी वापरायचात. काकूंनी विचारलं, भाजी आणली का, तर "हे अंशतः खरे आहे." मी विचारलं, पेपर तपासून झाले का, तर "प्रश्न उद्भवत नाही." काकू परवा हेच सांगून हसल्या आणि मग रडल्या.

माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा पंधरा दिवस माझे तास तुम्ही घेतलेत. राज्यशास्त्राच्या माणसानं भूगोल काय शिकवला, तर उजनीचं पाणी कुणाच्या सहीनं कुठं वळतं ते. मी परत आल्यावर मुलं म्हणाली, मॅडम, तात्यांनाच ठेवा. मला राग आला होता, थोडा. आभार मानायचे राहून गेले. ते आज मानते.

रूपाली डाळजची सून. भूगोलात माझ्या हाताखाली तासिका तत्त्वावर. बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते, तासिका तत्त्व म्हणजे कायमची जागा रिकामी ठेवायची आणि तिथं शिकवणाऱ्याला दरवर्षी नव्यानं नेमायचं. जुलैत पत्र आलं तर नोकरी आहे, नाही आलं तर नाही. तिची आठ वर्षं अशी गेली होती. नेट, सेट, पीएच.डी. सगळं झालेलं. ती जागा भरण्याची परवानगी आली असती तर मुलाखतीत तिला कुणी हरवू शकलं नसतं. तुम्ही तिला पोरी म्हणायचात. तिचं एकटीचं नाव घेऊन कधी भांडला नाहीत, सगळ्या रिक्त जागांसाठी भांडलात. पण तुमच्या डोळ्यांसमोर तीच असायची, हे मला ठाऊक होतं.

त्या वर्षी निवेदन मी लिहिलं. तुमची सवय अशी की कच्चं मी लिहायचं, पेन्सिलीनं तुम्ही कापायचं आणि टाइप पुन्हा मी करायचं. मी लिहिलं होतं की कायमचे प्राध्यापक नसल्यामुळे शिकवण्यावर परिणाम होतो आणि त्यामुळे गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांची संख्या सातत्यानं कमी होत आहे. तुम्ही त्या वाक्यावर पेन्सिलीची आडवी रेघ मारलीत.

"का?" मी विचारलं. "खोटं आहे का?"

"खरं हाय, म्हनूनच काढतोय."

"तात्या, कारण नको का द्यायला? नुसतं 'जागा भरा' म्हणून कोण भरेल?"

"मॅडम, आपण निवेदन देतोय, पीएच.डी. न्हाय. आमदाराला एकच गोष्ट सांगायची. आन खात्याच्या हातात आपणहून काही द्यायचं न्हाय."

मी तावातावानं बोलले. म्हणाले, वर्गात पोरांना सांगतो पुराव्यानं बोला, आणि स्वतः मात्र पुरावा लपवायचा? तुम्ही पेन्सिल कानावर ठेवलीत आणि तासाला निघून गेलात. तुमच्या दृष्टीनं विषय संपला होता.

माझ्या दृष्टीनं नव्हता. टाइप करताना मी ते वाक्य परत घातलं. चुकून नाही. विचार करून, माझंच बरोबर आहे अशा खात्रीनं घातलं. निम्मं आयुष्य उत्तरपत्रिका तपासल्या की माणसाला असं वाटायला लागतं की कारणासहित लिहिलं म्हणजे गुण मिळणारच. आपल्या लोकांचा हा रोगच आहे. फळ्यासमोर उभं राहून राहून आपल्याला वाटतं की समोरचा समजून घ्यायलाच बसला आहे.

आमदार पुण्याहून सोलापूरकडे निघाले होते आणि डाळजला हायवेवरच्या हॉटेलात दहा मिनिटं देतो म्हणाले होते. आपण तिथं दोन तास थांबलो. रूपाली घरून पिठलं-भाकरी घेऊन आली, तिच्या सासूबाईंनी तुमच्यासाठी वेगळा ठेचा दिला होता. मग एकदम गाड्या आल्या. धावपळ झाली. मी पिशवीतून निवेदन काढलं, तुम्ही सहीला पेन काढलंत, आणि खाली धरायला काही नव्हतं म्हणून रूपालीनं तिची फाईल पुढं केली. दोन्ही हातांनी घट्ट धरली होती तिनं. तुम्ही न वाचता सही केलीत. मी टाइप केलेला कागद तुम्ही कधीच पुन्हा वाचत नव्हता. त्या क्षणी मी सांगू शकले असते. आमदार चहा फुंकत होते, वेळ होता. मी नाही सांगितलं.

आमदारांनी प्रश्न विचारला. त्यांची त्यात काही चूक नाही, दिलेला शब्द त्यांनी पाळला. उत्तर आलं तेव्हा त्याची झेरॉक्स तुम्ही स्टाफरूममध्ये घेऊन आलात. उत्तर तीनच ओळींचं होतं. संघटनेच्या निवेदनातच नमूद केल्यानुसार विद्यार्थीसंख्या कमी होत असल्याने सदर पदांच्या कार्यभाराची फेरतपासणी करण्यात येत आहे. तुम्ही ते दोनदा वाचलंत. मग फाईलमधून आपल्या निवेदनाची प्रत काढलीत आणि तीही वाचलीत, पहिल्यांदाच. मी समोर बसले होते. तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, "टायपिंग चांगलं झालंय, मॅडम." बस, एवढंच.

फेरतपासणी झाली. विद्यार्थी कमी म्हणून तास कमी, तास कमी म्हणून जागेची गरज नाही. नियमाप्रमाणेच झालं सगळं. भूगोलाची रिकामी जागा कागदावरूनच गेली, आणि जुलैत रूपालीला पत्र आलं नाही.

मग बारामतीतली ती बैठक. सगळ्या कॉलेजांचे लोक होते, तापलेले. भौतिकशास्त्राचे एक सर उभे राहून ओरडले, "हे वाक्य लिहिलं कुणी? आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा?" रूपाली माझ्या बरोबर मागच्या खुर्चीत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी उठायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं, तात्या, पण उठले नाही. तेवढ्यात तुम्ही पहिल्या रांगेतून उठलात आणि मागे वळून म्हणालात, "मी लिहिलं. सही माझी हाय, वाक्य माझं हाय."

रूपाली म्हणाली, "तात्या, तुमी?"

"व्हय पोरी. अक्कल गहाण पडली माझी."

तिनं पर्स उचलली आणि निघून गेली. ती तुमच्याशी बोललेले शेवटचे दोन शब्द ते. मी खुर्चीतच होते.

कॉलेजला परतताना एसटीत मी विचारलं, का केलंत असं? तुम्ही खिडकीबाहेर बघत होता, उसाच्या गाड्या चालल्या होत्या. म्हणालात, "न वाचता सही केली ही चूक कुणाची? माझीच की. बैठकीत तुमचं नाव आलं आस्तं तर संघटनेचं दोन तुकडं झालं आस्तं. बाया आधीच चार येतात, त्याबी बंद झाल्या आस्त्या." मग थोड्या वेळानं म्हणालात, "पोरीला मातर तुमी सांगा. आज न्हाय, उद्या सांगा. मी मधी येणार न्हाय."

मी 'हो' म्हणाले.

तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत. याचा मला राग येतो. एकदा जरी विचारलं असतंत, "सांगितलं का?" तर मी सांगितलं असतं. निदान असं मला वाटतं. विचारलं नाहीत, आणि ते 'उद्या' लांबत गेलं. रूपालीला भिगवणच्या एका इंग्रजी शाळेत तिसरीचा वर्ग मिळाला. मला वाटलं, जरा स्थिरावू दे. मग तिला मुलगी झाली. मला वाटलं, आता कशाला. माणूस स्वतःला सवड देत जातो आणि त्याला समजूतदारपणा म्हणतो.

तुम्ही दोनदा तिच्या घरी गेलात. पहिल्यांदा तिचा नवरा म्हणाला, ती घरी नाही. तुम्ही मला हे हसत सांगितलंत. "स्कुटी दारात उभी हुती. मी म्हन्लं, बरं, येतील तवा सांगा." दुसऱ्यांदा दार उघडलंच नाही.

मुलीच्या जावळाला तिनं सगळ्या कॉलेजला बोलावलं, फक्त तुम्हाला नाही. मी गेले. जेवले. तिची मुलगी मांडीवर घेतली. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्टाफरूममध्ये विचारलंत, "मटण बरं हुतं का?" मी म्हणाले, "बरं होतं." तुम्ही म्हणालात, "तिची सासू झणझणीत करती." आणि हजेरीपट घेऊन तासाला गेलात. त्या दिवशी रजा टाकून डाळजला जायला हवं होतं मी. इंदापूरला घरी गेले आणि आजारी असल्यासारखी पडून राहिले.

पुढचं सगळं तुम्ही त्याच जागेसाठी केलंत, हे बाकी कुणाला माहीत नाही. फेरतपासणी पुन्हा व्हावी म्हणून किती दहावे झाले, पळसदेवपासून बारामतीपर्यंत! पळसदेवला तर आपण उजनीचं पाणी उतरल्यावर वर आलेलं ते जुनं देऊळ बघत दोन तास घालवले, कारण पुढारी उशिरा येणार होते. तुम्ही म्हणालात, भूगोल, जरा शिकवा की. आणि मी शिकवलं. तुम्ही खरंच ऐकलंत. निवृत्तीला आठ महिने राहिले होते तुमच्या. म्हणायचात, मी जायच्या आधी भूगोलाची जागा परत कागदावर आली पाहिजे.

शेवटचं निवेदन तुमच्या मनासारखं झालं. एक पान, एक मागणी. मी काही घातलं नाही. तुम्ही या वेळी सही करण्याआधी चष्मा लावून पूर्ण वाचलंत, मुद्दाम, माझ्यासमोर. मला वाईट वाटलं आणि हसूही आलं. तरी एक सांगते. ते वाक्य खरंच होतं, आणि जे राज्य खरं सांगितल्यावर जागा काढून घेतं त्याच्यापुढं आपण खोडून खोडून किती बोलायचं, हा माझा प्रश्न अजून शिल्लक आहे. तुम्ही असता तर पुढचं उत्तर दिलं असतंत. त्या वाक्याबद्दल माझं तुमच्याशी भांडण आहे आणि राहील. ते वाक्य तुमच्या नावावर राहू दिलं, त्याबद्दल भांडायला मला तोंड नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी डाळजला गेले. कुणाला सांगून नाही. रूपाली ओसरीवर तिसरीच्या वह्या तपासत बसली होती. मला बघून उठली.

"बसा की मॅडम. चहा ठेवते."

"नको. आधी बोलते, मग ठेवायचा का ते ठरव."

उभ्या उभ्याच सांगितलं. तुम्ही रेघ मारली होती ते सांगितलं, मी परत टाइप केलं ते सांगितलं, तिच्या फाईलवर सही झाली तेव्हा मला ठाऊक होतं ते सांगितलं. बैठकीत मी बसून राहिले तेही. सासूबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

"त्यांना म्हाईत हुतं?" तिनं विचारलं. इतक्या वर्षांत माझ्याशी ती पहिल्यांदा घरच्या बोलीत बोलली.

"उत्तर आलं त्या दिवशी कळलं त्यांना."

"म्हंजी हितं दोनदा आले, तवा म्हाईत हुतं?"

"होय."

तिनं पेनाला टोपण लावलं. वह्या एकावर एक ठेवल्या. "मी घरातच हुते मॅडम. खिडकीतनं बघत हुते. उन्हाचे आलते. पाणी सुदिक विचारलं न्हाय मी त्यांना." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दहाव्यालाबी आले न्हाय. म्हन्लं, माझी भाकरी घालवली त्यानं, मी कशाला जाऊ."

चुकलं माझं, एवढं म्हणाले. ते तिनं ऐकलं की नाही कोण जाणे.

"हे तुमी त्ये हायेत तवर सांगायचं हुतं."

"होय," मी म्हणाले.

ती आत गेली. पोरगी सासूबाईंच्या कडेवर देताना ऐकू आलं. बाहेर आली ती साडी बदलून, हातात स्कुटीची किल्ली घेऊन. "पणदऱ्यात त्यांचं घर कुठंशी हाय?" मी सांगितलं, डेअरीच्या पुढं, उजव्या हाताला, दारात म्हशींचा गोठा. आठ वर्षं तुम्ही तिला पोरी म्हणालात आणि ती तुमच्या घरी कधी गेली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

"मी येऊ का बरोबर?" मी विचारलं. "काकूंना मलाही सांगायचं आहे."

"तुमी तुमचं येगळं जाऊन सांगा," ती म्हणाली. "माझ्यासंगं आलात तर काकूंना वाटंल, मला तुमीच आणलंय."

आणि ती एकटीच गेली, तात्या.